सिस्टरचं काम पुसलं गेलं तो शनिवार

माझा मामा एका जागी शांत बसलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. जेवायला बसला तरी त्याचा एक पाय खुर्चीबाहेर, निघायच्या बेतात असतो. फोनवर बोलताना तो घरभर फिरतो, आणि बोलणं संपतं तेव्हा त्याच्या हातात भलत्याच खोलीतली भलतीच वस्तू असते. एकदा असाच बोलता बोलता मामीच्या कपाटाची किल्ली खिशात टाकून कामावर निघून गेला, आणि मामीला दिवसभर माझा शर्ट घालून ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानात उभं राहावं लागलं. कामावरचे लोक त्याला भिंगरी म्हणायचे, तेही तोंडावर. त्याला राग यायचा नाही. रागवायलासुद्धा जरा थांबावं लागतं, असं मामीचं म्हणणं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. धंदाच असा की त्यात रेंगाळणारा माणूस उपयोगाचा नाही. कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलेलं असतं, बाहेर घरची माणसं दार बडवत असतात, आणि जो येईल त्याच्याकडे सगळे देव आल्यासारखे बघतात. मामा पोचला की आधी दाराच्या फटीला तोंड लावून आतल्या माणसाला विचारायचा, "कितव्या मजल्यावर जायचं होतं तुम्हाला?" घाबरलेला माणूस या प्रश्नानं बावचळायचा, पण उत्तर द्यायचा, आणि उत्तर देता देता त्याचा श्वास ठिकाणावर यायचा. तोवर मामा जिने चढून वर मशीनरूममध्ये पोचलेला असायचा.

मग त्याचा खांदा गेला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना शिडी सरकली आणि तो उजव्या अंगावर पडला. हाड जुळलं, पण हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, चढउतार बंद, वर हात करून करायचं काम बंद. कंपनीनं त्याला काढलं नाही. तक्रारीचे फोन घ्यायच्या खोलीत बसवलं. फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. मामाला याहून मोठी शिक्षा कुणी शोधून काढली नसती. माणूस अडकल्याचा फोन आला की तो उठून उभा राहायचा, आणि जायचं नाहीये हे आठवून परत बसायचा. संध्याकाळी घरी आला की घरातल्या चांगल्या चाललेल्या वस्तू उघडायचा. त्या वर्षी आमच्याकडे एकही घड्याळ बरोबर वेळ दाखवत नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीत नवा विभाग निघाला. लिफ्टमध्ये छोटी यंत्रं बसवायची, ती आपली खबर आपणच पाठवणार, आणि एक प्रोग्रॅम ती वाचून कुठली लिफ्ट बिघडायला आलीये ते आधीच सांगणार. ज्याला थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल त्याला तिकडे घेऊ, असं मॅनेजर बोलून गेले. ते मामाला उद्देशून नव्हतं. पण मामानं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तंत्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. केस कानापाशी पांढरे झालेले, चष्मा नुकताच लागलेला. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. माझा विषय वनस्पतिशास्त्र, त्यामुळे प्रोग्रॅमिंगमधलं मला जे कळतं ते त्या घरात कानावर पडलं तेवढंच.

तिथे शिकवायला एक मॅडम होत्या, आणि त्यांच्या वर्गात गृहपाठ द्यायची रीत निराळी होती. ईमेल चालायचा नाही, पेनड्राइव्ह चालायचा नाही. सगळ्यांचं काम तंत्रशाळेच्या सर्व्हरवर असायचं, आणि त्याची पूर्ण नक्कल प्रत्येकाच्या लॅपटॉपवर. काही बदल करायचा तर आधी आपली वेगळी फांदी काढायची, तिच्यावर काम करायचं. थोडंसं झालं की कमिट करायचं, म्हणजे काय केलं ते एका ओळीत लिहून तो टप्पा जपून ठेवायचा. मग ते सर्व्हरवर ढकलायचं. तरी ते लगेच मुख्य कामात जायचं नाही. जोडीदारानं ते वाचायचं, शंका काढायच्या, ठीक आहे म्हणायचं, मगच ते मुख्य फांदीत मिसळायचं. आणि मधल्या काळात दुसऱ्यानं काही मिसळलं असेल, तर आपलं ढकलायच्या आधी ते आपल्याकडे ओढून घ्यायचं.

"म्हणजे नुसतं काम करून भागत नाही," मामा पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत म्हणाला. "कसं केलं तेही दाखवायचं, आणि दुसऱ्याला विचारून आत घालायचं. इतक्या वेळात मी तीन लिफ्ट चालू करून आलो असतो."

"मग जाऊ नका," मामी म्हणाली.

"जाऊ नका कशाला? फी भरलीये."

कमिटखाली जी ओळ लिहायची असते, ती मामाची बघण्यासारखी असायची. 'केलं.' 'परत केलं.' 'आता तरी.' 'झालं बहुतेक.' मॅडमनी एकदा त्याखाली विचारलं, 'काय झालं?' तर पुढच्या कमिटला यानं लिहिलं, 'मॅडमनी विचारलं ते.' वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्या हळू बोलणाऱ्या, कृश अंगाच्या बाई होत्या, आणि त्यांना आवाज चढवताना कुणी ऐकलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, सहा महिन्यांनी हे तुम्हालाच वाचायचंय." तेव्हापासून सगळा वर्ग त्याला काका म्हणू लागला.

मॅडमनी जोड्या लावल्या त्यात मामाच्या वाट्याला सिस्टर आली. मोठ्या सरकारी इस्पितळात ती सर्जरीच्या वॉर्डात होती. वयानं तिशीची, ताठ पाठीची, केस घट्ट बांधलेली. ती ड्यूटीवरून तशीच वर्गाला यायची, म्हणून मॅडमसकट सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिला रात्रपाळ्यांतून सुटायचं होतं. घरी म्हातारे वडील एकटे असायचे, त्यांची नजर अधू झालेली. इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात दिवसाची नोकरी मिळते, असं तिनं ऐकलं होतं.

या दोघांचं कसं जमायचं? सिस्टर मामाची एकेक ओळ वाचायची. वाचायला कधी एक दिवस घ्यायची, कधी दोन. मामाला तेवढा दम कुठला? तो फोन लावायचा.

"सिस्टर, बघितलं का?"

"काका, मी ड्यूटीवर आहे."

"नाही, सहज विचारलं."

आणि चहा पिऊन झाला की परत फोन. एकदा त्यानं तिची वाट न बघता आपलं काम आपणच मुख्य फांदीत मिसळून टाकलं. दुसऱ्या संध्याकाळी तंत्रशाळेच्या जिन्यात तिनं त्याला गाठलं. "काका, वॉर्डात जोखमीचं औषध असलं की मी ते दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच देते. ते काही मला वाचता येत नाही म्हणून नाही." मामा ओशाळला. तसं त्यानं घरी येऊन आम्हाला सांगितलंही. पण ओशाळेपणा त्याच्या अंगात फार दिवस टिकत नाही.

वर्षअखेरचं काम जोडीनं करायचं होतं. यांनी घेतलं लिफ्टचंच: एका इमारतीत तीन लिफ्ट, निरनिराळ्या मजल्यांवरून लोक बटणं दाबतायत, तर कुणासाठी कुठली लिफ्ट धाडायची ते ठरवणारा प्रोग्रॅम. लिफ्टची हालचाल, दारं, वजन हा भाग मामाचा. कुणाला आधी न्यायचं ते ठरवायचा भाग आणि सगळं तपासून बघायच्या चाचण्या सिस्टरच्या. शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मुख्य फांदीत जे असेल ते मॅडम तपासणार होत्या.

त्या शनिवारी मी घरीच होते. सकाळपासून मामाचं चालू होतं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, हा टेबलाभोवती. दारांच्या भागात त्यानं आदल्या रात्री काही सुधारलं होतं, तेवढं आत गेलं की सुटलो, असं तो दर थोड्या वेळानं म्हणत होता. सिस्टरनं तिचं उरलेलं सगळं, मामानं न वाचताच ठीक आहे म्हटलेलं, सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी मिसळलं होतं. तसा तिचा निरोपही फोनवर आला होता: 'माझं पूर्ण झालं. ओढून घ्या, मग तुमचं टाका. माझा फोन तीनपर्यंत बंद असेल.' मामानं तो वाचला होता. म्हणजे डोळ्यांखालून घातला होता.

त्यानं आपलं काम ढकललं आणि सर्व्हरनं ते घेतलं नाही. तुमच्याकडे नाही असं काम इथे आहे, आधी ते घ्या, अशा अर्थाचा संदेश आला.

"घेतो ना," मामा स्क्रीनला म्हणाला, "पण घेतलं की पुन्हा दोघांच्या ओळी एकमेकांवर चढणार."

मागच्या वेळी ते निस्तरण्यात त्याची अख्खी संध्याकाळ गेली होती. आठवडाभर त्यानं तिचं काही ओढूनच घेतलं नव्हतं, याच धास्तीनं.

"जेवून घ्या आधी," मामी दुकानातून जेवायला आली होती, ती म्हणाली. "पाचाला अजून वेळ आहे."

"दोन मिनिटं."

त्याला कुठेतरी वाचलेलं आठवलं, की आज्ञेपुढे एक शब्द जोडला तर सर्व्हर वाद घालत नाही, जबरदस्तीनं घेतो. मुख्य फांदीला मॅडमनी कुलूप घातलं नव्हतं. मोठी माणसं आहात, म्हणायच्या. मामानं तो शब्द जोडला. काम गेलं. तो दोन्ही हात पुसत पानावर बसला आणि त्या दिवसातला पहिला घास खाल्ला. खाता खाता, नीट गेलं ना बघावं म्हणून त्यानं तंत्रशाळेचं पान उघडलं.

मी समोरच होते. त्याचा हात ताटात तसाच राहिला.

"सिस्टरचं दिसत नाहीये," तो म्हणाला.

आठवडाभराचं तिचं सगळं काम नाहीसं झालं होतं. चाचण्या गेल्या होत्या, आधी कुणाला न्यायचं ते ठरवणारा भाग गेला होता. होतं ते फक्त मामाचं. जबरदस्तीचा अर्थच तो होता: सर्व्हरवर जे असेल ते विसर आणि माझं आहे तेच खरं मान. तिच्या फांद्याही नव्हत्या. मिसळून झालेली फांदी काढून टाकायची, पसारा ठेवायचा नाही, असा मॅडमचा नियम होता आणि सिस्टरनं तो पाळला होता. आता ते काम एकाच ठिकाणी असणार, तिच्या लॅपटॉपवर. आणि तिचा फोन बंद.

"मॅडमना फोन कर," मी म्हटलं.

"काय सांगू त्यांना?" तो ताटावरून उठला होता. "त्यांना काय सांगू?"

मामीनं त्याचं ताट झाकून ठेवलं. तोवर जिन्यात त्याची पावलं वाजत होती.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, आणि एकदाच नाही. बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली होती, पण तो दाराजवळ उभा राहिला. दोन सिग्नल लागले तसा उतरून चालू लागला, आणि तीच बस त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. चालताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. लिफ्टचं काम करताना मेन स्विचला प्रत्येक जण आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. आत शाफ्टमध्ये तो माणूस उतरलेला असतो. त्याचं कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही. मॅनेजरनं सांगितलं तरी नाही. इतक्या वर्षांत मामानं कुणाच्या कुलपाला बोट लावलं नव्हतं. एका नव्या माणसानं लावलं होतं, तेव्हा मामानं त्याच्या थोबाडीत दिली होती. आणि आज आपण काय केलं, तर ते.

इस्पितळाच्या फाटकावर भेटीची वेळ नव्हती. पण इथल्या लिफ्ट वर्षानुवर्षं मामानंच दुरुस्त केलेल्या, रखवालदारानं त्याला ओळखलं. "आलात का? मधली लिफ्ट सकाळपासून कुरकुरतेय." रखवालदारानं त्याला आत सोडलं. मधल्या लिफ्टपुढे रांग होती. कुरकुर त्याला खालूनही ऐकू आली, आणि ती दाराच्या रुळाची आहे हेही कळलं. तो जिन्यानं वर गेला.

सिस्टर एका बाईचं ड्रेसिंग बदलत होती. त्याला दारात बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "कुणाला आणलंय इथे? काकूंना काही झालं का?"

"नाही, नाही. सगळे बरे आहेत." मग एका दमात म्हणाला, "तुमचं काम गेलं, सिस्टर. माझ्या हातून. मी जबरदस्तीनं ढकललं."

ती वळली आणि त्या बाईची पट्टी पूर्ण केली. चिकटपट्टी कापली, कडा अंगठ्यानं दाबल्या, हातमोजे काढून टाकले, हात धुतले. मामा म्हणतो, तिनं ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"सगळं?"

"आठवड्याचं."

"मी निरोप टाकला होता."

"वाचला होता."

"लॅपटॉप घरी आहे माझ्या. वडिलांपाशी."

"मी जाऊन घेऊन येतो. पत्ता द्या. धावत जातो."

"नाही," सिस्टर म्हणाली. आवाज खालीच होता. "तुम्ही आता काही करायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही. माझी ड्यूटी तीनला संपते. तोवर त्या बाकावर बसायचं."

वॉर्डच्या दाराशी लोखंडी बाक होता. मामा त्यावर बसला. आयुष्यात इतका वेळ आपण बसलो नव्हतो, असं तो म्हणतो. खांदा मोडला तेव्हा निजलो होतो, ते वेगळं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलत नव्हता. पाय आपोआप उठायला बघायचे. खाली मधली लिफ्ट कुरकुरायची, तेव्हा तो बाकाची कड हातानं धरून ठेवायचा. दोनदा सिस्टर बाजूनं गेली. तिनं मान वळवली नाही.

दाराजवळच्या खाटेवर पाय टांगून ठेवलेला एक माणूस होता, धंद्यानं ट्रकवाला. तो बराच वेळ मामाच्या गुडघ्याकडे बघत होता. गुडघा सारखा हलत होता.

"तुमचा पेशंट कोण?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. सिस्टरचं नुकसान केलंय मी."

"मग पळून का नाही गेलात?"

"बस म्हणाल्या."

ट्रकवाल्यानं यावर विचार केला. "मलाही असंच म्हणतात," तो म्हणाला, "आणि मग भांड्यात करायला लावतात." मामाला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

तीन वाजून गेल्यावर सिस्टर पर्स घेऊन आली आणि चालू लागली. मामा मागोमाग. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली, हा शेजारी. अर्ध्या रस्त्यात ती बाहेर बघतच म्हणाली, "रात्रपाळी करून आल्यावर झोपायच्या आधी मी ते लिहायचे. बाबांना चहा देऊन. डोळे मिटायचे, मग तोंड धुऊन यायचे आणि परत."

"मला माहीत नव्हतं."

"कमिटवर वेळ लिहिलेली असते, काका. तुम्ही वाचत नाही."

तिच्या घरी वडिलांनी दार उघडलं. त्यांनी मामाच्या चेहऱ्याजवळ आपला चेहरा आणून त्याला निरखलं. "सारखा फोन करतात ते तुम्हीच का?" मामानं हो म्हटलं. "मग चप्पल काढून या," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन रेडिओ ऐकत बसले.

लॅपटॉपवर सगळं होतं. सिस्टरनं तो उघडला, स्वतःची नक्कल तपासली, मग सर्व्हरवरचं मामाचं काम आपल्याकडे ओढून घेतलं. व्हायचं तेच झालं. दोघांनी एकाच फाइलमध्ये लिहिलं होतं आणि ज्या ओळी भांडत होत्या त्या एकाखाली एक दिसू लागल्या. वर तिच्या, खाली त्याच्या. मामाचा हात पुढे झाला. "तुमच्याच ठेवा सगळ्या. माझं राहू द्या."

"हात मागे," ती म्हणाली. "असं नाही. वाचा. मोठ्यानं."

मामा वाचू लागला. आपलं, मग तिचं, मग पुढचा तुकडा. त्यानं पहिल्यांदाच तिचं काम नीट वाचलं. लिफ्ट नेहमी जवळच्या मजल्यावर आधी जावी, असं त्यानं मध्येच एका ठिकाणी घालून ठेवलं होतं, तिच्या भागात, तिला न सांगता. तिचं निराळं होतं. ज्याला बटण दाबून बराच वेळ झालाय त्याचं पारडं हळूहळू जड होत जायचं, आणि एका हद्दीनंतर लिफ्ट जवळच्यांना ओलांडून त्याच्याकडेच जायची.

"यात लिफ्ट रिकामी फार पळेल," मामा म्हणाला.

"पळू दे. तुमच्यात काय होईल सांगा. खालच्या दोन मजल्यांवर सारखी गर्दी आहे. वरच्या मजल्यावर एकच माणूस उभा आहे."

मामानं बोटांवर मजले मोजले. मग म्हणाला, "तो उभाच राहील."

"वॉर्डात कोपऱ्यातली खाट असते, तसंच. हाका मारणाऱ्यांकडे आपण जात राहतो."

"पण हद्द फार लहान ठेवलीये तुम्ही. जरा वाढवा. माणूस लिफ्टसाठी तेवढा थांबतो. त्यापुढे तो जिन्यानं जातो, मी बघितलंय."

तिनं ते मान्य केलं. त्यानं आपली ओळ काढून टाकली. दारांचं त्याचं ठेवलं. असं करत करत ते शेवटापर्यंत आले. चाचण्या लावल्या तर एक पडली. मामा खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला. सिस्टरनं शोधलं, चूक तिचीच निघाली, हद्द वाढवली तिथे एक आकडा जुनाच राहिला होता. तो बदलेपर्यंत पाच वाजून गेले होते. सिस्टरनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "कमिटची ओळ तुम्ही लिहा."

मामानं बराच वेळ लावून लिहिली. 'मी सर्व्हरवरचं न घेता जबरदस्तीनं ढकलल्यामुळे सिस्टरचं आठवड्याचं काम पुसलं गेलं होतं. ते तिच्या नकलेवरून परत आणून दोघांचं वाचून जुळवलं. उशीर माझ्यामुळे.' सिस्टरनं वाचलं आणि ढकललं. या वेळी सर्व्हरनं निमूट घेतलं.

सोमवारी मामा वर्ग सुरू व्हायच्या आधीच मॅडमपुढे जाऊन उभा राहिला. उशिराचे मार्क कापायचे ते माझे कापा, तिचे नको, म्हणाला. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"मला शनिवारी फोन का नाही केलात?" त्यांनी विचारलं. "पुसलेलं सर्व्हरवर काही दिवस तसंच असतं. मला घरी बसून ते परत काढता आलं असतं. दहा मिनिटांचं काम."

मामा म्हणतो, तेव्हा मात्र तो बसला.

मॅडमनी सिस्टरचे मार्क कापले नाहीत. तिनं आपलं काम सकाळी वेळेत दिलेलं होतं, आणि ते सर्व्हरवरून सिद्ध होत होतं. मामाला त्यांनी त्या विषयात नापास केलं. राग म्हणून नाही. आठवडाभर जोडीदाराचं काम एकदाही घेतलं नाही, आणि विषय नेमका तोच होता, असं त्यांनी त्याला समजावलं. मामानं वाद घातला नाही. घरी येऊन मामीला सांगितलं. मामीनं विचारलं, "मग आता?" तो म्हणाला, "परत बसायचं."

पुढच्या सत्रात तो परत बसला. या खेपेला जोडीदार म्हणून एक निवृत्त भूगोल शिक्षिका आल्या. त्या पंधरा पंधरा दिवस काही कमिटच करायच्या नाहीत, आणि मग एकदम सगळं आणून टाकायच्या. मामाचा जीव टांगणीला लागायचा. फोन करायचा मोह झाला की तो खाली उतरून इमारतीला एक फेरी मारून यायचा. कधी कधी चार. तो पास झाला, फार चांगल्या मार्कांनी नाही. मॅनेजरनं त्याला नव्या विभागात घेतलं, तेही आधी तात्पुरतं. तिथे तो दर थोड्या वेळानं सर्व्हरवरचं काम आपल्याकडे ओढून घेतो, काही आलेलं असो वा नसो, आणि तिथली मंडळी त्याला त्यावरून छेडतात.

सिस्टर वर्गात पहिली आली. इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागानं तिला बोलावलं. ती गेली, तिथे महिनाभर बसली आणि परत वॉर्डात आली. मामाला हे काही केल्या समजेना. "एवढा जीव आटवलात आणि तिथेच राहिलात?" त्यानं तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, तिथे दिवसभर कुणी हाक मारत नाही, तिला ते सोसेना. पण वडिलांसाठी तिनं कायमची दिवसपाळी मागून घेतली, आणि सगळ्या सिस्टरांवरच्या मेट्रननी ती एका अटीवर दिली: वॉर्डातल्या पाळ्या लावण्यावरून दर महिन्याला भांडणं होतात, त्या लावायचा प्रोग्रॅम तिनं करून द्यावा.

तो तिनं केला, आणि मिसळायच्या आधी वाचायला मामाकडे पाठवला. मामानं दोन शंका काढल्या. एक त्याची चूकच होती. दुसरी बरोबर निघाली: रजेवरून परतणाऱ्या सिस्टरला प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी लागोपाठ दोन पाळ्या लावत होता. तिनं ते दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यापासून सर्जरीच्या वॉर्डातल्या पाळ्या त्याच प्रोग्रॅमवर लागू लागल्या.